औंढ्याचा चिकट पाहुणा

महाशिवरात्रीची गर्दी ओसरल्यावर आम्ही औंढा नागनाथाला गेलो. हिंगोलीहून पंचवीसेक किलोमीटर. पण फाल्गुनातला प्रवास म्हणजे पाने गळालेले साग आणि उडणारा फुफाटा! देऊळ मात्र डोळे निववणारे. दार पश्चिमेला, नंदी देवळाच्या पाठीमागे, आणि लिंगाच्या दर्शनाला अंग चोरून तळघरात उतरायचे. स्थूल देहांची तिथे खरी परीक्षा!

दर्शन आटोपून गावाबाहेरच्या टेकडीकडे वळलो. पायांखाली नुसता पाचोळा. पण ओढ्याकाठच्या करंजाच्या सावलीत एक कमरेइतके झुडूप हिरवेगार उभे होते. वर पांढऱ्या फुलांचे तुरे. जाईसारखे, पण वासाचा पत्ता नाही. मी वाकले, तसे बरोबरचे बाबा म्हणाले, "चितरक म्हणत्यात, ताई. फूल बघा, मुळीला हात नका लावू. फोड उठत्यात."

चित्रकादी वटीतला चित्रक तो हाच!

रात्री मुक्कामावर साडी झटकली, तर निऱ्यांना सात-आठ बोंडे चिकटलेली. या फुलांच्या देठाशी असलेल्या हिरव्या कोषावर डिंकासारखे चिकट केस असतात. गुरांच्या अंगाला चिकटून बी गावोगाव जाते. ही स्वारी बिनतिकीट पुण्याला आली.

आमच्या घरामागे आंब्याखाली कोपराभर जागा आहे. ऊन कसे ते तिथे ठाऊक नाही. चार मोगरे नि दोन गुलाब तिथेच दगावलेले. ज्येष्ठात पाचोळ्याचे खत घालून बी टोचले, पाणी बेताने दिले. पाच रुजली. दुसऱ्या वर्षी गणपतीनंतर फुले आली. आता ती जागा उन्हाळ्यातही हिरवी असते. कळ्यांवर अंडी घालायला चिमुकली निळी फुलपाखरे येतात. पंख मिटले की पट्टेदार दिसतात.

पण विघ्न यायचेच. शेजारच्या वहिनींनी सांधेदुखीवर लेपाला मूळ मागितले. सासूबाईंनी तर 'घरात रांगते मूल आहे, उपटून टाक' असा हुकूमच सोडला. दोघींचेही खोटे नव्हते. हे मूळ औषधी खरे. पण वैद्य ते चुन्याच्या निवळीत शुद्ध करून घेतात. कच्चे मूळ कातडी भाजते, आणि गरोदर बाईने तर त्याच्या वाऱ्यालाही उभे राहू नये. शिवाय मुळासाठी खणले की रानातले झुडूपच संपते. मी सासूबाईंना जाळीचे कुंपण घालून दिले आणि वहिनींना साफ नाही म्हटले. महिनाभर अबोला!

परवा वहिनींच्या जिन्याखाली चित्रकाचे रोप दिसले. त्यांचे मांजर आमच्या कुंपणातून जाते-येते, त्याचाच हा उद्योग. वहिनींनी ते उपटले नाही, उलट मला बोलावून विचारले, "याला पाणी किती घालायचं हो?"