डोक्यात पिस्टन

तोक्योच्या नोमुरा कंपनीने १९५७च्या सुमारास काढलेला पत्र्याचा काळा रोबो टेबलावर सोडला की नजर पहिल्यांदा त्याच्या डोक्याकडे जाते. पारदर्शक घुमटाखाली पिस्टन वरखाली होतात, दिवा उजळतो आणि पायांत सेल भरलेला तो गडी खडखडत चालू लागतो. रूप उचललंय ते १९५६च्या ‘फॉरबिडन प्लॅनेट’ या हॉलिवूडपटातल्या रॉबीचं. जुनी अवकाश-खेळणी दुरुस्त करणं हाच माझा व्यवसाय असल्यामुळे एक प्रश्न माझी पाठ सोडत नाही: विचार करणाऱ्या यंत्राच्या कवटीत पिस्टन कशाला?

अमेरिकेत ‘एनिअॅक’ हा हजारो व्हॉल्व्हचा गणकयंत्र-राक्षस १९४६ मध्ये जगासमोर आला होता. ट्रान्झिस्टरचा शोध १९४७चा, आणि १९५५ मध्ये तर तोक्योतच ट्रान्झिस्टर रेडिओ विक्रीला आला. म्हणजे न हलता काम करणारं यंत्र खेळणी करणाऱ्यांच्या शेजारीच तयार होत होतं. पण ते मुलांना दाखवायचं कसं? यंत्र म्हणजे जे हलतं, फिरतं, आवाज करतं, अशीच सगळ्यांची समजूत. म्हणून भविष्याची चित्रं काढतानाही हाताशी असलेलं इंजिनच त्यांनी उचललं आणि नेऊन डोक्यात बसवलं.

हा पत्रा कुठून आला, तेही सांगायला हवं. १९४५च्या डिसेंबरात, युद्ध हरलेल्या जपानात, कोसुगे मात्सुझो यांनी ओत्सु शहरात अमेरिकी सैन्याने टाकून दिलेले डबे कापून छोट्या जीप बनवल्या. त्या क्योतोत विकल्या गेल्या आणि खेळण्यांचा धंदा पुन्हा उभा राहिला. पुढे निर्यात सुरू झाली. ‘अॅटॉमिक रोबॉट मॅन’ नावाच्या चावीच्या रोबोच्या खोक्यावर शहरातून चालणारा रोबो आहे आणि त्याच्यामागे अणुस्फोटाचा ढग. हिरोशिमाला जेमतेम काही वर्षं उलटली होती. हे खोकं पाहताना मला अजूनही अस्वस्थ व्हायला होतं. गिऱ्हाईक अमेरिकी होतं, हे त्याचं कारण असेल. पण तेवढ्याने माझं समाधान होत नाही.

जवळून पाहिलं तर छातीवरचे मीटर, बटणं, रिव्हेट सगळं छापील असतं. रंग सपाट पत्र्यावर आधीच छापायचे, मग पत्रा दाबून आकार द्यायचा आणि कडेच्या जिभा खाचेत घालून वाकवायच्या. छापलेले रिव्हेट काहीच धरत नाहीत. धरतात त्या या जिभा. जीभ थोड्याच वेळा वाकवली की तुटते, म्हणून कारण असल्याशिवाय मी खेळणं उघडत नाही.

खेळण्यांतली काही अवकाशयानं भिंतीला धडकली की आपोआप वळतात. खाली चाकांची जोडी फिरत्या तबकडीवर बसवलेली असते. वाट अडली की तबकडी वळते आणि मोकळी दिशा मिळाली की यान निघतं. त्यात डोळा नाही, मेंदू नाही. तरी पाहणाऱ्या मुलाला ते वाट शोधतंय असंच वाटतं, आणि मला ही त्या काळातली सगळ्यात हुशार रचना वाटते.

१९६१ मध्ये गागारिन अवकाशात जाऊन आला आणि खेळण्यांचे चेहरेच बदलले. होरिकावा कंपनीने रोबोच्याच धडावर शिरस्त्राण आणि आत माणसाचा चेहरा बसवला. छातीची दारं उघडून बंदुका बाहेर येणं मात्र तसंच राहिलं. आल्प्स कंपनीने छातीत टीव्हीचा पडदा बसवला: दिव्यापुढून सरकणारी चित्रांची पट्टी. जपानी घरांत टीव्ही नवा होता, म्हणून भविष्याच्या छातीतही तोच आला.

संग्राहक आज बंद खोक्याला जास्त पैसे मोजतात. मला ते पटत नाही. स्प्रिंग वर्षानुवर्षं न फिरवता ठेवली की वंगण सुकून घट्ट होतं आणि दंतचक्रं जाम होतात. सेल आत विसरले तर गळून पत्रा खातात. माझ्याकडे रोबो आणणाऱ्यांना मी सांगतो, सेल काढून ठेवा, पण वरचेवर घालून त्याला चालवा.