आधी तिचं, मग आपलं

भीमाकाठच्या आमच्या वाड्यात उन्हाळ्यात पहिला घास घोडीचा असायचा. चूल पेटायच्या आत परसातलं भगुणं उघडलं जायचं. रात्रभर भिजून टम्म फुगलेले हरभरे निथळायचे, त्यावर ठेचलेलं खडेमीठ भुरभुरायचं आणि ती चंदी तोबऱ्यात भरून तोबरा तिच्या कानांमागून अडकवायचा. आतून दाढांचा आवाज सुरू झाला की आजी आमच्याकडे वळायची. "झालं तिचं. आता तुम्ही तोंडं धुवा." आधी तिचं, मग आपलं.

1970 च्या दशकातले ते मे महिने. पुण्याहून, मुंबईहून, बार्शी-सोलापूरकडून आम्ही सगळी चुलत-आते भावंडं इंदापूरच्या स्टँडवर उतरायचो आणि बैलगाडीतून वाडा गाठायचो. ज्यांच्या घरी घोडं होतं त्यांना पुढचं सांगायला नको. ज्यांच्या घरी नव्हतं त्यांनीही शेजारच्या दावणीला पाहिलं असेल.

घोडीला नाव असं नव्हतंच. रंगानं तांबडी म्हणून तांबडी. कपाळावर टिळा आणि मागच्या एका पायात पांढरा मोजा. चारही पाय आणि तोंड पांढरं असतं तर पंचकल्याणी म्हणून तिची किंमत आम्हाला झेपलीच नसती, असं तात्या म्हणायचे. ती आली होती धनगरांकडून. उंचीनं बेताची, खांद्याशी चार-सव्वाचार फूट. पण पाय काटक, खूर टणक आणि उन्हाला न बधणारी. अशा भीमथडी तट्टांनी एकेकाळी मराठ्यांच्या फौजा पाठीवर वाहिल्या. सरकारी घोड्यावर बसायचा तो बारगीर आणि स्वतःचं घोडं घेऊन चाकरीला जायचा तो शिलेदार, हा धडा आबांनी आम्हाला शाळेच्या किती तरी आधी दिला होता. "आपण शिलेदारं," असं म्हणून ते लगेच पुढचं सांगायचे, "आन् शिलेदाराचं पयलं काम घोडं धुनं, बसनं न्हवं."

म्हणून आम्हाला बसायला मिळायचं ते सगळ्यात शेवटी. त्याआधी कामं. कुणी लीद गोळा करायची, कुणी ओली माती उकरून कोरडी राख पसरायची, कुणी रहाटावर पाणी ओढायचं. एरवी तीन घागरींवर भागणारी तांबडी वैशाखात चौथी घागरही संपवायची. लहानग्यांकडे गोचिडं वेचायचं काम. कानाच्या आत, शेपटीच्या मुळाशी, आयाळीखाली. संध्याकाळी माश्यांना कडुनिंबाच्या पाल्याचा धूर. आणि या सगळ्यात मानाचं काम म्हणजे खरारा.

खरारा करायला उंची लागायची, म्हणून दरवर्षी सुट्टीत आल्या आल्या आम्ही तांबडीच्या खांद्याशी उभे राहून आपापली उंची मोजायचो. लोखंडी दातांचा खरारा गोल गोल फिरवून आधी आतली धूळ वर उठवायची, मग काथ्याच्या कुंच्यानं केसांच्या ओढीनं ती झाडायची, शेवटी ओल्या फडक्यानं डोळे, नाकपुड्या, शेपटीखालची जागा पुसायची. पायांच्या नळ्यांवर आणि तोंडावर लोखंड लावायचं नाही, तिथं नुसता तळवा. मानेच्या मुळाशी, जिथं आयाळ संपते तिथं खाजवलं की तांबडीचा खालचा ओठ लोंबायला लागायचा, थरथरायचा, डोळे अर्धे मिटायचे. पोटाखाली हात गेला की कान मागं पडायचे. कान मागं म्हणजे हात मागं, हे आम्हाला कुणी शिकवावं लागलं नाही. माणसाच्या तोंडाकडे न बघता त्याला काय हवं-नको ते ओळखायची सवय आमच्यापैकी पुष्कळांना लागली ती तिथं. आमच्यातली एक पुढं परिचारिका झाली. ती अजून म्हणते की पेशंटच्या अंगावर हात कुठून ठेवायचा, हे ती तांबडीच्या पुढ्यात शिकली.

मग खूर. पाय उचलायचा तर तिच्या शेपटीकडे तोंड करून खांद्याला खांदा लावायचा, नळीवरून हात खाली न्यायचा, की ती आपण होऊन पाय द्यायची. आकडीनं खडे, काटे, चिकटलेली लीद काढायची. मधला मऊ त्रिकोण जपायचा. उन्हानं खूर तडकू नयेत म्हणून करंजाचं तेल. दीड-दोन महिन्यांनी नालबंद यायचा आणि त्या दिवशी आमचं जेवणाकडे लक्ष नसायचं. बैलाला पत्र्या मारताना आडवं पाडून पाय बांधतात. घोडीला मात्र उभ्यानंच, आबा तोंडाशी उभे राहून काहीबाही बोलत असताना. खिळा खुराच्या भिंतीतून बाजूला निघायचा, त्याचं टोक मोडून कानशीनं घासलं जायचं. जुना नाल कुणाच्या उंबऱ्याला ठोकायचा, यावर वाड्यात आणि आळीत थोडी ओढाताण व्हायचीच.

वाया काही जायचं नाही. लीद वांग्यांच्या वाफ्याला, उरलेली मातीत तुडवून भिंतीच्या गिलाव्याला. गळलेल्या शेपटीचा केस चामखिळीला बांधायला, त्यासाठी आळीतली माणसं खास यायची. तुटलेल्या लगामाची वादी कुत्र्याच्या गळ्यात. फाटक्या झुलीचं पायपुसणं. पायपुसणंही फाटलं की तांबडीच्याच अंगाखाली.

आता बसण्याचं. दिवस वर यायच्या आत किंवा चार वाजल्यानंतर, मध्ये कधीही नाही. जागा ठरलेली, उन्हाळी नांगरट झालेलं रान किंवा नदीचं वाळवंट. दोन्हीकडे पडलं तरी लागत नाही. पहिल्या वर्षी खोगीर नाही, रिकीब नाही, पाठीवर नुसती घोंगडीची घडी. तात्या मधोमध दोर धरून उभे आणि घोडी काव्यावर. "लगाम धरून तोल सांभाळायचा न्हाई. तिचं तोंड हाय ते, दांडी न्हवं यष्टीची. मांडीनं धर." पहिली दुडकी चाल म्हणजे दातांवर दात. मग केव्हा तरी कंबर सैल पडायची, गुडघे चिकटायचे, आणि खालून तात्यांचा आवाज यायचा, "बसली मांड." त्या दोन शब्दांसाठी आम्ही उन्हाळाभर लीद उचलली. मुलींनाही हाच नियम, हीच घोंगडी. आमच्या थोरल्या आत्या तर नऊवारीचा काष्टा आवळून रवाळ चालीनं शिवेपर्यंत जाऊन यायच्या आणि डोक्यावरचा पदर जागचा हलायचा नाही.

रपेट झाली की दमलेल्या घोडीवर बसून दारात यायचं नाही. शिवेशी उतरायचं, तंग एक घर सैल करायचा आणि तिला हातानं चालवत आणायचं. दारात आल्यावरही लगेच पाणी नाही. छातीवर तळवा ठेवायचा, श्वास खाली बसला का बघायचा, मगच घागर. तिचं पाणी झालं की मग माठाकडे आपण.

आणि नदी! उजनी धरण व्हायच्या आधीची भीमा उन्हाळ्यात रोडावायची. वाळवंटात कलिंगडं-खरबुजांच्या वाड्या आणि मधून मधून डोह. संध्याकाळी तांबडीला डोहात न्यायचं. पाणी पोटाला लागलं की ती पुढच्या पायानं थपाथप पाणी उडवायची, मग एकदम पाय सुटायचे आणि ती पोहायला लागायची. नाकपुड्या वर, मान ताणलेली. आम्ही आयाळ धरून बाजूनं तरंगत. पाठीवर बसायचं नाही, तिला पोहायला अंग मोकळं लागतं. बाहेर आली की वाळूत लोळण. तासाभराचा खरारा एका लोळणीत मातीला मिळायचा आणि त्याचं कुणालाच वाईट वाटायचं नाही.

लग्नसराईत तांबडी आमची कमी आणि गावाची जास्त. वरातीला तिचे पैसे घ्यायचे नाहीत, फक्त दोन दिवसांची चंदी. गुलाल आणि हळदीनं माखून, कपाळावर कुंकू, गळ्यात कुणाची तरी विसरलेली मुंडावळ अशी ती परत यायची. ताशा सुरू झाला की बांधल्या जागी पुढचे पाय उचलायची, मग लग्न गावाच्या कोणत्याही टोकाला का असेना. रात्री-अपरात्री सुईणीला आणायलाही तीच. आमच्या पिढीतली निम्मी पोरं तिच्या टापांवर भरवसा ठेवून जन्मली.

एका वैशाखातली रात्र आम्हा सगळ्यांना सारखीच आठवते. दिवेलागणीला तांबडीनं चंदीला तोंड लावलं नाही. पुढच्या पायानं जमीन उकरायला लागली, मान वळवून सारखी स्वतःच्याच कुशीकडे बघायला लागली. पोटशूळ. घोड्याला ओकारी होत नाही. पोटात गेलेलं पुढंच सरकलं पाहिजे, आणि ते अडलं तर जनावर हातचं जातं. हे माहीत असल्यामुळं थोरांचे चेहरे उतरले. तिला आडवं पडून लोळू द्यायचं नाही म्हणून आबा, तात्या, अण्णा आळीपाळीनं अंगणात फिरवत राहिले. माणूस गुरांच्या डॉक्टरांकडे गेला. तात्या मधूनच थांबून तिच्या कुशीला कान लावायचे. आत शांत. पुन्हा फेरी, पुन्हा कान. आम्हा पोरांना झोपायला पाठवलं होतं, पण माडीच्या गजांशी एकही जागा रिकामी नव्हती. त्या रात्री वाड्यात कुणी जेवलं नाही. तिचं झालं नव्हतं, तर आपलं कुठून? डॉक्टर आले, नळीनं औषध दिलं आणि चालवा म्हणाले. पहाटेच्या सुमाराला तात्यांनी कान लावला आणि हात वर केला. आत गुडगुडत होतं. थोड्या वेळानं तांबडीनं शेपूट उचललं आणि लीद टाकली. आजीनं देवापुढं साखर ठेवली आणि मग सगळ्यांच्या हातावर. इतकी गोड साखर पुन्हा खाल्ली नाही.

अक्षय्यतृतीयेच्या आगेमागे खोगीर उसवायचं. वर्षभर घाम पिऊन आतल्या भरणाच्या गठळ्या होतात आणि त्या रुतून घोडीची पाठ सोलवटते. म्हणून शिवण सोडायची, लोकर बाहेर काढून काठीनं पिंजायची, दोन दिवस कडक ऊन द्यायचं. कोकणातून देशावर परतणारे धनगर त्याच सुमाराला यायचे, तट्टांवर बिऱ्हाड, कोंबड्या, नुकती जन्मलेली कोकरं लादून. त्यांच्याकडून नवी लोकर. पाठीला लागणाऱ्या बाजूला अस्तर म्हणून आजीचं सगळ्यात जुनं, सगळ्यात मऊ लुगडं. दाभण आणि सुतळी अण्णांच्या हातात. शिवून झालं की आजी खोगीर मांडीवर उलटं घ्यायची, डोळे मिटायची आणि तळवा सावकाश फिरवायची. एवढीशी गाठ लागली तरी "इथं उसव." अण्णा निमूट उसवायचे. आजी स्वतः कधी घोडीवर बसली नाही, पण खोगीर तिच्या तळव्याखालून गेल्याशिवाय तांबडीच्या पाठीवर चढलं नाही.

1980 मध्ये उजनीचं धरण पुरं झालं आणि आमचं वाळवंट, डोह, नदीकडची गवताळ पट्टी पाण्याखाली गेली. उन्हाळ्यात पाणी उतरलं की पळसदेवचं देऊळ अजून वर येतं, आमची पट्टी नाही येत. वरच्या रानात ऊस आला, चराऊ माळ आटला. दारात राजदूत उभी राहिली. तांबडी म्हातारी होऊन बांधावरच्या निंबाखाली गेली, तिथंच तिला मीठ घालून पुरली. तिच्यानंतर दावण रिकामी राहिली. उसानं आम्हाला पैसा दिला, शिक्षणं दिली, हे खरंच. पण पुढच्या पिढीला सुट्टीत गावाकडे येऊन करायला काही उरलं नाही. नुसती बघायला आलेली पोरं दोन दिवसांत कंटाळतात. आम्ही दोन महिने कंटाळलो नाही, कारण कुणाचं तरी पाणी, कुणाची तरी चंदी आमच्यावाचून अडायची.

पुणे जिल्ह्याच्या उत्तरेला, जुन्नर-आंबेगाव-खेडकडे, बैलगाडा शर्यतींत गाड्यांपुढं धावायला घोड्या राहिल्या. 2014 मध्ये शर्यतींवर बंदी आली तेव्हा तिकडच्या दावणीही ओस पडायला लागल्या. डिसेंबर 2021 मध्ये परवानगी मिळाली तशा पुन्हा काही भरल्या. भीमथडीला आता घोड्यांची स्वतंत्र जात म्हणून मान्यताही मिळाली आहे. आबा असते तर म्हणाले असते, कागद झाला, आता चंदीचं बघा.

चंदीचं बघणारं एक जण निघालंय. चुलतभावाच्या धाकट्या मुलीनं यंदा धनगरांकडून एक शिंगरू आणलंय. तेव्हापासून आम्हा भावंडांचे फोन थांबत नाहीत. कुणाकडे काय आहे त्याची यादी सुरू आहे. लगाम सोलापूरला, आत्याच्या घरी. रिकिबी ठाण्यात, चिंचेनं घासून लख्ख. आकडी आणि खरारा गावीच, गंजलेला पण दात शाबूत. खोगीर माळ्यावर सापडलं, लोकर कसरीनं खाल्लेली, अस्तराचं लुगडं मात्र तसंच. तंगाचा तेवढा पत्ता नाही. तो सुताचा विणावा लागेल, आणि विणकर म्हणून घरात एक धाकटी काकूच उरली आहे. शिंगराच्या पाठीवर बसायला अजून दोन-अडीच वर्षं आहेत, घाई नाही, असं आम्ही काकूला म्हटलं. तिनं उलटा निरोप धाडलाय: तुम्हाला नसेल घाई, माझी नजर आता कमी होत चाललीय, तेव्हा ज्यांना शिकायचंय त्यांनी येत्या वैशाखात सूत घेऊन या.