पेपर कुणाच्या नावावर?

आमच्या विद्यापीठाचं ‘रिसर्च आउटपुट’ म्हणजे काय असं कुणी विचारलं, तर मी एक एक्सेल शीट उघडून दाखवते. एका ओळीत एक पेपर. लेखक, विभाग, जर्नल, साल, सायटेशन्स किती. विद्यापीठ विज्ञान-तंत्रज्ञानाचं, त्यामुळे ओळी भरपूर. मी एम.लिब. झालेली, ग्रंथालयात कंत्राटी. नॅकची तयारी सुरू झाली किंवा एनआयआरएफचा हंगाम जवळ आला की ही शीट ‘स्वच्छ’ करायला माझ्याकडे येते. स्वच्छ करणं म्हणजे एकच पेपर दोनदा आला असेल तर एक ओळ उडवायची, आणि आपल्याकडचा पेपर भलत्याच्या खात्यात गेला असेल तर तो ओढून आणायचा.

काम कारकुनीच आहे. पण त्यातला सगळ्यात जास्त वेळ विज्ञानात जात नाही, नावांत जातो.

आधी संस्थांची नावं घ्या. पुणे विद्यापीठाच्या जुन्या पेपरांवर ‘युनिव्हर्सिटी ऑफ पूना’ असतं, मग ‘युनिव्हर्सिटी ऑफ पुणे’, आणि २०१४ पासून सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ. माटुंग्याची यूडीसीटी १९३३ साली मुंबई विद्यापीठाचा एक विभाग म्हणून सुरू झाली, २००२ मध्ये तिचं नाव बदललं, २००८ मध्ये ती अभिमत विद्यापीठ होऊन आयसीटी झाली. केमिकल इंडस्ट्रीतले जुने लोक अजून यूडीसीटीच म्हणतात. पवईची आयआयटी मात्र आजही ‘बॉम्बे’ आहे. या सगळ्याची डेटाबेसमध्ये नीट सोय आहे. संस्थेला एक क्रमांक, त्याखाली तिची जुनी-नवी सगळी नावं. माटुंग्यात १९७५ साली लिहिलेल्या पेपरबद्दल आज आयसीटीला कुणी विचारत नाही, की ही तीच संस्था कशावरून?

माणसांचं असं नसतं. आपल्याकडे नाव तीन मजली: स्वतःचं, वडिलांचं, आडनाव. पेपरवर त्यातली दोन आद्याक्षरं आणि आडनाव एवढंच उरतं. ‘पाटील एस. एस.’ असा शोध घ्या आणि मजा बघा. एका अकाउंटमध्ये ऊस, सुपरकपॅसिटर आणि काँक्रीट असे तिन्ही विषय एकाच वर्षात हाताळणारा एक महापाटील सापडतो. ते प्रत्यक्षात तीन वेगवेगळे पाटील असतात. त्यांना सुटं करायला मला अर्धा दिवस लागतो, पण त्यातल्या एकाही पाटलांनी कधी तक्रार केलेली नाही. फुगलेल्या आकड्याची तक्रार कोण करतं?

बायकांच्या बाबतीत उलटं होतं. तिथे तीन माणसांचं एक होत नाही, एका माणसाची दोन होतात.

लग्नानंतर मधलं वडिलांचं नाव जातं, नवऱ्याचं येतं. आडनाव बदलतं. काही घरांत अजूनही ताटातल्या तांदळात अंगठीनं नवं नाव लिहितात, म्हणजे पहिलं नावही गेलं. तिन्ही आद्याक्षरं बदलली! त्यात स्कोपससारखा डेटाबेस माणूस कसा ओळखतो ते बघा. २००४ मध्ये सुरू झालेल्या या डेटाबेसमध्ये पेपर कुणाचा हे ठरवायचं बरंचसं काम कॉम्प्युटर करतो: नाव, संस्था, विषय, सहलेखक जुळवून तो पेपरांचे गठ्ठे बांधतो आणि प्रत्येक गठ्ठ्याला एक लेखक-क्रमांक देतो. आता लग्न झालेली मुलगी दुसऱ्या शहरात जाते. नोकरी नवी, म्हणजे संस्था नवी. गाईड मागे राहिले, म्हणजे सहलेखक नवे. नव्या लॅबमध्ये जे उपकरण असेल त्यावर काम, म्हणजे विषयही थोडा सरकलेला. कॉम्प्युटरनं ज्या खुणांवरून तिला ओळखायचं, त्या सगळ्या एकाच मांडवात बदललेल्या असतात.

त्यानं नुकसान काय होतं? एच-इंडेक्सचं उदाहरण घेऊ. जॉर्ज हिर्श या भौतिकशास्त्रज्ञानं २००५ मध्ये मांडलेला हा आकडा. तुमच्या किमान पाच पेपरांना प्रत्येकी किमान पाच सायटेशन्स असतील तर एच-इंडेक्स पाच. समजा माहेरच्या नावाखाली सहा पेपर आहेत, सायटेशन्स ४०, २२, १५, ९, ६, ३. एच-इंडेक्स पाच. सासरच्या नावाखाली सहा, सायटेशन्स १८, १२, ८, ७, ५, २. इथेही पाच. दोन्ही एकत्र केले तर सात. म्हणजे सात असणारी बाई दोन ठिकाणी पाच-पाच म्हणून उभी असते, आणि निवड समितीसमोर त्यातली एकच जाते.

विद्यापीठाच्या आकड्याला यात काही होत नाही, हे मला बरंच उशिरा लक्षात आलं. पेपर संस्थेच्या नावावर मोजले जातात, ते आमचे होते तेवढे आमचेच राहतात. एनआयआरएफचं रँकिंग २०१६ पासून दरवर्षी येतं, त्यासाठी प्रकाशनांचे आकडे स्कोपस आणि वेब ऑफ सायन्समधून घेतले जातात, आणि त्यात बाई एक आहे की दोन यानं काही फरक पडत नाही. त्यामुळे महापाटील सोडवायला मला मीटिंगमधून आदेश येतो, बायका जोडायला येत नाही. ते मी उरलेल्या वेळात करते.

हे काम करताना मला कमला सोहोनी सारख्या आठवतात. विज्ञानात पीएचडी मिळवणारी पहिली भारतीय स्त्री, हे आपण सामान्यज्ञानाच्या पुस्तकात वाचलेलं असतं. १९३३ मध्ये बंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सनं, म्हणजे सी. व्ही. रामन यांनी, मुलगी म्हणून त्यांना प्रवेश नाकारला, त्या अडून बसल्या आणि अटींवर प्रवेश मिळवला, ही गोष्टही ठाऊक असते. पण जर्नलांमध्ये ही गोष्ट ‘सोहोनी’ या नावानं शोधलीत तर सुरुवातच सापडत नाही. १९३५ मध्ये ‘बायोकेमिकल जर्नल’मध्ये डाळींमधल्या नायट्रोजनवर त्यांचा पेपर आहे. १९३९ मध्ये, केंब्रिजची पीएचडी मिळाली त्याच वर्षी, रॉबर्ट हिल यांच्याबरोबर ‘नेचर’मध्ये वनस्पतींमधल्या सायटोक्रोम ऑक्सिडेजवर. दोन्हींवर नाव के. भागवत. १९४७ मध्ये लग्न झालं, त्या मुंबईला आल्या, इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये शिकवू लागल्या, आणि पुढचे पेपर के. सोहोनी या नावानं आले. बहीण दुर्गाबाई आयुष्यभर भागवतच राहिल्या. त्यांची पुस्तकं एका कपाटात सापडतात.

मला यात सगळ्यात जास्त काय लागतं सांगू? नाव तुटलं, पण प्रश्न तुटला नव्हता. बंगळुरूमध्ये बावीस-तेवीस वर्षांची भागवत डाळींत काय काय आहे ते शोधत होती. १९५४ मध्ये मुंबईत सोहोनीबाई आपल्या खाण्यातल्या पदार्थांमधल्या ट्रिप्सिन इन्हिबिटरवर लिहीत होत्या, म्हणजे प्रथिनं पचवणाऱ्या ट्रिप्सिनला अडवणारे घटक. कच्च्या कडधान्यांत ते असतात, शिजवल्यावर बरेचसे निकामी होतात. गरिबाच्या ताटातलं प्रथिन त्याच्या अंगी कसं लागेल, हा एकच धागा. आता के. भागवतना एक क्रमांक आणि के. सोहोनींना दुसरा दिला, की तो धागा दिसेनासा होतो.

आमच्या केमिस्ट्री विभागातल्या एका मॅडमचं हेच झालं. त्या मूळच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या. त्यांच्या भागात बोअरच्या पाण्यात फ्लोराइड. पाण्यात ते लिटरमागे दीड मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावं; त्याहून जास्त पाणी लहानपणी वर्षानुवर्षं प्यायलं की दातांवर तपकिरी डाग पडतात, आणखी जास्त असेल तर पुढे हाडं आखडतात. मॅडमच्या दोन चुलतबहिणी अजून फोटोत तोंड मिटून हसतात. पीएचडीत मॅडमनी अॅल्युमिनावर फ्लोराइड शोषून घ्यायचं काम केलं, माहेरच्या नावानं. लग्नानंतर आमच्याकडे आल्या आणि तेच काम स्वस्तातल्या मातीवर सुरू केलं, सासरच्या नावानं. पहिलं नावसुद्धा सासूबाईंनी बदललेलं.

बढतीच्या फाईलसाठी मी त्यांची यादी काढत होते, तेव्हा परदेशातल्या एका पेपरमध्ये एक वाक्य दिसलं. अमुक यांनी अॅल्युमिनाची ही मर्यादा दाखवली. पुढे तमुक यांनी मातीचा पर्याय देऊन ती दूर केली. अमुकही मॅडम, तमुकही मॅडम. मी स्क्रीनशॉट पाठवला. त्या ग्रंथालयात आल्या, माझ्या खुर्चीमागे उभं राहून वाचलं आणि म्हणाल्या, “बघ, माझं काम पुढे नेणारं कुणीतरी मिळालं मला.”

आम्ही दोघी हसलो. समितीत कुणी हसलं नाही. “हे जुने सहा पेपर तुमचेच कशावरून?” लग्नाचा दाखला, प्रतिज्ञापत्र, राजपत्रातली नोंद. नाव बदललं तेव्हा राजपत्रात कुणी दिलं होतं? स्कोपसकडे दोन क्रमांक जोडायची विनंती पाठवली, ती सुमारे तीन आठवड्यांत झाली, फुकट, ऑनलाइन. समितीचं प्रकरण पुढच्या बैठकीवर गेलं आणि बढतीची तारीखही. मॅडमनी त्याबद्दल माझ्याशी एकदाच विषय काढला, तोही दाखल्याच्या झेरॉक्सचे पैसे द्यायला आल्या तेव्हा.

‘नाव बदलूच नका’ हे सांगणं सोपं आहे. कायदा बदला म्हणत नाही, हेही खरं. पण घरातली सगळी कागदपत्रं, मुलांचा शाळेचा दाखला, सासूबाईंचा चेहरा हे सगळं पेपरपेक्षा जवळ असतं, आणि ज्यांनी बदललं त्यांना आता दोष देण्यात मला रस नाही. मधला मार्ग ऑर्किडचा आहे. २०१२ पासून संशोधकाला मिळणारा सोळा आकडी क्रमांक, मोफत. नाव बदललं, गाव बदललं, तरी क्रमांक तोच. त्यात तुमची ‘इतर नावं’ लिहायला जागा असते. गेल्या काही वर्षांत बऱ्याच मोठ्या प्रकाशकांनी जुन्या पेपरवरचं नाव बदलून द्यायलाही सुरुवात केली आहे. त्यासाठी ट्रान्स संशोधकांनी नेट लावला. आपल्या सुनांना त्याचा आयता फायदा झाला आहे, आणि बहुतेकींना तो माहीतही नाही.

मॅडमकडे आता पीएचडीला असलेल्या मुलीचं मे महिन्यात लग्न आहे. तिचा पेपर रिव्हिजनला परत आला होता. ती विचारायला आली, “मॅडम, नाव कुठलं टाकू?”

“आधी ऑर्किड काढ. पत्रिका नंतर छाप.”

“पण मॅडम, नाव नाही बदलणार. ते म्हणालेत, फक्त आडनाव.”

“मग त्या ‘फक्त’साठीच काढ.”

मी लॅपटॉप तिच्याकडे वळवला. नोंदणीला पाच मिनिटं लागतात. वेळ गेला तो ईमेल कुठला द्यायचा यावर, कारण विद्यापीठाचा ईमेल पीएचडी संपली की बंद होतो, आणि तिच्या जीमेलच्या पत्त्यात तिचं आडनाव होतं. शेवटी तिनं नवीन अकाउंट उघडलं, त्यात फक्त पहिलं नाव आणि जन्मसाल.