मुरुडची बाजारपेठ आणि आपली पदवी

मुरुड म्हटले की मुंबई-पुण्याकडच्या माणसाला समुद्र आणि जंजिऱ्याचा किल्ला आठवतो. आमचे मुरुड ते नव्हे. हे मुरुड लातूर जिल्ह्यातले, लातूर-बार्शी रस्त्यावरचे, काळ्या रानातले. इथे समुद्र नाही. उन्हाळ्यात प्यायचे पाणीसुद्धा मोजून वापरावे लागते. पण इथे बाजार आहे. आसपासच्या खेड्यांतला शेतकरी सोयाबीन, तूर, हरभरा घेऊन येतो आणि जाताना मीठ-मिरचीपासून पोरांच्या वह्यांपर्यंत सगळे घेऊन जातो.

या भागाच्या बाजाराला रेल्वेनेही हात दिला. बार्शी लाइट रेल्वेची अरुंद रुळांची गाडी १९११ साली लातूरपर्यंत आली. त्या हळू चालणाऱ्या गाडीच्या गोष्टी जुनी माणसे अजून हसत हसत सांगतात. २००७-०८ मध्ये तिथे रुंद रूळ आले. रूळ रुंद झाले, रस्ता रुंद झाला. पेठेत आडत दुकाने, कृषी सेवा केंद्रे, कापड दुकाने, झेरॉक्स आणि मोबाइल दुरुस्तीच्या टपऱ्या वाढल्या.

मुरुडला जाणाऱ्या आपल्या वाचकांना एक विनंती आहे. पेठेतून चालताना फक्त दुकानांच्या पाट्या वाचू नका. गल्ल्यावर कोण बसले आहे आणि पोते कोण उचलते आहे, तेही पाहा. लातूरची गंजगोलाई पाहताना हाच प्रश्न मनात येतो. तिथे सोळा रस्ते येऊन मिळतात. कुठे सोन्याची दुकाने, कुठे चपलांची, कुठे मिरचीची, कुठे गुळाची. या सोळा रस्त्यांपैकी आपल्या माणसाच्या वाट्याला मालकी किती आली आणि हमाली किती आली? पिढ्यान्‌पिढ्या आपल्याला गावकीचे काम होते, बलुते होते. दुकान नव्हते. तराजू आपल्या हातात कधी आलाच नाही.

पण व्यापार आपल्या धम्माला परका आहे असे कोणी समजू नये. त्याचा पुरावा मुरुडपासून जवळच आहे. मुरुडहून ढोकीला आणि तिथून तेरला गेले की एका दिवसात सगळे पाहून परत येता येते. तेरणा नदीकाठचे हे गाव आता धाराशिव जिल्ह्यात आहे. लोक ते संत गोरा कुंभारांचे गाव म्हणून ओळखतात. दोन हजार वर्षांपूर्वी याच गावाचे नाव तगर होते. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक प्रवासवर्णनात लिहिले आहे, की तगरचे कापड गाड्यांवर लादून भडोचच्या बंदरावर जात असे. उत्खननात इथे स्तूपाचे अवशेष मिळाले. त्रिविक्रम मंदिराची विटांची बांधणी चैत्याच्या घाटाची आहे. गावातल्या लामतुरे संग्रहालयातल्या वस्तू बघितल्या की इथून रोमपर्यंत व्यापाराचे धागे होते हे पटते. म्हणजे एकेकाळी या तेरणेकाठी व्यापारी होते आणि धम्मही होता.

तथागतांना सर्वप्रथम शरण गेलेले तपस्सु आणि भल्लिक हे दोन उपासक व्यापारीच होते. अनाथपिंडिक हा श्रावस्तीचा श्रेष्ठी होता. राजगृहाच्या सिगालाला भगवंतांनी मिळकतीचे चार भाग करायला सांगितले. एक भाग घरखर्चाला, दोन भाग धंद्यात आणि चौथा अडीअडचणीसाठी राखून. सम्यक आजीविका तर अष्टांगिक मार्गातच आहे. शस्त्र, माणूस, मांस, दारू आणि विष यांचा व्यापार करू नये, एवढी अट घातली आहे. बाकी प्रामाणिक धंद्याला मोकळीक आहे.

मग आपला पदवीधर पेठेत का दिसत नाही? उत्तर सोपे नाही. १९१७ साली बाबासाहेब परदेशातून परतले. कोलंबिया विद्यापीठाची अर्थशास्त्रातली उच्च विद्या त्यांच्यापाशी होती. बडोद्याची नोकरी जातीच्या छळामुळे सोडावी लागली. तेव्हा मुंबईत त्यांनी शेअर बाजारातल्या लोकांना सल्ला देणारी पेढी काढली. सल्ला देणारा अस्पृश्य आहे हे कळताच गिऱ्हाईक यायचे बंद झाले आणि पेढी बंद करावी लागली. पुढे १९१८ च्या नोव्हेंबरात ते सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. सिडनहॅम हे वाणिज्याचे महाविद्यालय. आम्ही बी.कॉम. झालेल्यांनी हे विसरू नये, की आपल्या शाखेच्या वर्गात बाबासाहेबांनी हाती खडू घेतला होता.

या प्रसंगातून दोन गोष्टी शिकाव्यात. एक, नुसती पदवी गिऱ्हाईक आणून देत नाही. दुसरी, पेढी बुडाली तरी विद्या बुडत नाही.

मराठवाड्यात ही विद्या आपल्या दारापर्यंत आणली तीही बाबासाहेबांनीच. निजामी राजवटीत मागे पडलेल्या या भागासाठी १९५० साली त्यांनी औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला, महाविद्यालय सुरू केले. त्याला पुढे मिलिंद हे नाव दिले. राजा मिलिंद प्रश्न विचारतो आणि भिक्खू नागसेन उत्तर देतो. आपल्या मुलांनी प्रश्न विचारायला शिकावे, हे त्या नावातच सांगितले आहे. पुढे १९५८ साली मराठवाडा विद्यापीठ झाले. त्याला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव २७ जुलै १९७८ रोजी झाला आणि मराठवाड्यातल्या वस्त्या पेटल्या. नांदेड जिल्ह्यात टेंभुर्णीचे पोचीराम कांबळे यांनी प्राण दिले. १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला. त्याच वर्षी १७ सप्टेंबरला नांदेडचे स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठ निघाले आणि लातूर-मुरुडची मुले त्याच्याकडे गेली.

इतकी किंमत मोजून मिळवलेली पदवी आज कुठे आहे? अनेक घरांत ती पत्र्याच्या पेटीत, प्लॅस्टिकच्या पिशवीत आहे. मुलगा जाहिराती बघतो, फॉर्म भरतो, निकालाची वाट बघतो. तिशी येते. आरक्षणाचा हक्क आपण सोडायचा नाही, त्यासाठी लढायचेच. पण १९९१ नंतर सरकारी नोकऱ्यांचा दरवाजा अरुंद होत गेला हे उघड्या डोळ्यांनी पाहिले पाहिजे. जमाखर्चाच्या भाषेत सांगायचे तर पदवी हे भांडवल आहे. पेटीत ठेवलेले भांडवल वाढत नाही, ते खेळते ठेवावे लागते.

याच लातूर जिल्ह्यातल्या एका खेड्यातल्या शिक्षकाचा मुलगा नांदेडच्या शासकीय तंत्रनिकेतनात स्थापत्य अभियांत्रिकीची पदविका घेतो, पुण्याला जातो, आधी इतरांकडे काम करतो आणि मग स्वतः कंत्राटदार होतो. हे मिलिंद कांबळे. २००५ साली त्यांनी पुण्यात दलित इंडियन चेंबर ऑफ कॉमर्स अँड इंडस्ट्री, म्हणजे डिक्की, स्थापन केली. २०१३ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्याच वर्षी पद्मश्री मिळालेल्या अकोला जिल्ह्यातल्या कल्पना सरोज यांनी मात्र महाविद्यालयाची पायरीही चढली नव्हती. तरी त्यांनी बंद पडलेली कमानी ट्यूब्ज ही कंपनी उभी केली. तेव्हा पदवीशिवाय धंदा होत नाही असे नाही. पण ज्याच्या हाती शिक्षण आहे त्याने तर मागे राहण्याचे कारणच नाही.

मग महाविद्यालयाच्या त्या चार-पाच वर्षांत धंद्यासाठी काय मिळते? माझ्या अनुभवाने तीन गोष्टी मिळतात.

पहिली हिशेब. रोजकीर्द, खतावणी, ताळेबंद परीक्षेपुरते पाठ करून विसरायचे नसतात. सुट्टीत एखाद्या दुकानात बसून खरी वही लिहावी. उधारी किती, माल किती, हातात किती, हे ज्याला रोज संध्याकाळी सांगता येते त्याचे दुकान सहसा बुडत नाही.

दुसरी संगत. वसतिगृहातल्या एका खोलीत चार तालुक्यांची चार मुले राहतात. एक शिक्षक होतो, एक बँकेत लागतो, एक धंद्यात पडतो. पुढे महात्मा फुले महामंडळाच्या कर्जाचा अर्ज करायची वेळ येते. बीजभांडवल योजनेत बँकेचे ७५ टक्के, महामंडळाचे २० टक्के आणि अर्जदाराचे ५ टक्के असा हिशेब असतो. ५ टक्के आई डोरले मोडून किंवा बचत गटातून उभे करते. पण गाडी अडते ती जामीनदारापाशी. विहारात बसून असे अर्ज भरून देताना मी पाहिले आहे, की नातेवाईक मागे सरले तेव्हा खोलीतला जुना सोबती सही करायला आला. भगवंतांनी कोलियांच्या दीघजाणूला प्रपंचाच्या भरभराटीच्या चार गोष्टी सांगितल्या. उद्योगीपणा, मिळवलेल्याची राखण आणि बेताचे राहणे यांच्या जोडीला कल्याणमित्रांची संगत त्यात आहे. आणि ज्याच्यासाठी सही झाली त्याने हप्ता चुकवू नये. त्याने हप्ता चुकवला की पुढच्या दहा मुलांचा जामीनदार जातो.

तिसरी निर्भयता. खेड्यात पाटलाच्या ओसरीसमोर मान खाली घालणारा मुलगा कॉलेजात सर्वांच्या बाकावर बसतो, वादसभेत बोलतो, प्राचार्यांच्या खोलीत निवेदन घेऊन जातो. पुढे बँकेच्या साहेबासमोर बसताना हेच कामाला येते. २०१६ साली सुरू झालेल्या स्टँड अप इंडिया योजनेत प्रत्येक बँक शाखेने किमान एका अनुसूचित जाती-जमातीच्या उद्योजकाला १० लाख ते १ कोटी रुपये कर्ज द्यावे असे ठरले होते. विचारायला कोण गेले? जे गेले त्यांच्यातल्या कित्येकांना ही निर्भयता कॉलेजातच मिळाली होती.

गिऱ्हाइकाच्या जातीचा प्रश्न संपला असे मी म्हणणार नाही. खानावळ काढताना आपला मुलगा अजून दोनदा विचार करतो. पण मोबाइल दुरुस्ती, विजेची कामे, औषधविक्री, खते-बियाणे, छपाई, हिशेब लिहून देणे या कामांत माणूस आधी काम बघतो. चोख वजन, ठरल्या वेळी माल आणि पावती, एवढ्यावर पेठ हळूहळू वळते.

माता-भगिनींना एक सांगणे आहे. लेकीने किंवा लेकाने दुकान काढतो म्हटले की 'एवढे शिकवले ते याच्यासाठी का?' असे म्हणू नका. होय, याच्यासाठीही शिकवले. आपल्या वस्तीतून दरवर्षी पदवीधर बाहेर पडतात. त्यांतले दोघे-तिघे जरी मुरुडच्या पेठेत मालक म्हणून बसले, तरी त्यांच्या हाताखाली वस्तीतल्या दहा घरांच्या चुली पेटतील. विहाराच्या पुढच्या बैठकीत कोण कोण नोकरीला लागले याबरोबर कोणी कोणता धंदा काढला आणि त्याला काय मदत लागते, हाही विषय घ्यावा.

जयभीम! नमो बुद्धाय!