जाळीची बाजू

आमच्या माठावरच्या फडक्याला एका कोपऱ्यात लाल दोऱ्याचे तीन टाके होते. ते दिसले की फडक्याची वरची बाजू कळायची. धारूरच्या डोंगरावर पाणी लांबून डोक्यावरून यायचं आणि दुहेरी फडक्यातून गाळल्याशिवाय माठात पडत नसे. एकदा घाईत मी फडकं उलटं धरलं. आजीने डोक्यावरची कळशी तशीच खाली टेकवली. "उलटं नको धरू रं, कालची घाण आज पोटात जाईल."

आजीच्या घोट्याजवळ नारूची खूण होती. पाण्यातल्या सायक्लॉप्स नावाच्या बारीक जिवात नारूची अळी असते. ते पाणी प्यायलं की साधारण वर्षभराने दोन-तीन फुटांचा दोऱ्यासारखा जंत कातडी फोडून बाहेर येतो. तुटू नये म्हणून काडीला गुंडाळत रोज थोडा थोडा काढायचा. त्यावर लस नव्हती, गोळीही नव्हती. माणसाचे पाय पाण्यात बुडतात अशा पायऱ्यांच्या विहिरी टाळायच्या आणि पाणी गाळून प्यायचं, एवढंच हाती होतं. देशातला शेवटचा रुग्ण 1996 साली सापडला आणि 2000 साली भारत नारूमुक्त जाहीर झाला. आजीचे टाके त्याच्या कितीतरी आधीचे.

दुसरी जाळी भेटली विहिरीत. पंपाच्या पाइपाच्या बुडाशी असतो तो फुटव्हॉल्व्ह; आमच्याकडे सगळे त्याला 'फुटबॉल'च म्हणत. बाहेर जाळी, आत झडप. पाणी वर चढेल, पण परत खाली येणार नाही. झडपेत काडी अडकली की पाइप रिकामा, मग पुन्हा कळशीने पाणी ओता. ही कटकट संपवायला मी एकदा फुटबॉलवर मच्छरदाणीचा तुकडा गुंडाळला. दोन दिवसांत त्यावर शेवाळ बसलं आणि पंप नुसता घरघरत राहिला. सगळ्या भोकांची मिळून जागा पाइपाच्या तोंडापेक्षा बरीच मोठी लागते, हे तेव्हा कळलं.

आमच्या धारूरच्या किल्ल्यात एक गोडी दिंडी आहे आणि एक खारी दिंडी. मी गोड्या पाण्यावर वाढलो आणि पोटासाठी खाऱ्या पाण्यावर गेलो, मुंबईत बोटींच्या इंजिनांच्या कामाला. बोटीचं इंजिन थंड ठेवायला समुद्राचंच पाणी आत ओढतात. बुडाला भोक, भोकावर बाहेरून जाळी. ती पाहून मला घर आठवलं, आणि आपल्याला सगळं येतं असंही वाटलं.

लाँचच्या बुडाला मी उतरत्या झाकणासारखी जाळी पाहिली होती, तोंड पुढे, म्हणजे वेगात पाणी आपोआप आत ढकललं जातं. तशीच एक मी शिडाच्या बोटीला बसवली. मालकाने इंजिन बंद ठेवून दिवसभर शीड चालवलं. पुढून रेटलेलं पाणी पंपाच्या रबरी पंख्याला चुकवून आत शिरत राहिलं, धुराच्या नळीत साठलं आणि तिथून सिलिंडरमध्ये उतरलं. संध्याकाळी स्टार्टर एकदाच 'टक्' वाजला. इंजेक्टर काढून पाणी उडवताना आणि दुधासारखं पांढरं झालेलं ऑइल बदलताना मला आजीची कळशी दिसत होती. जाळीत कचरा नव्हता, भोकंही बरोबर होती. फक्त तोंड चुकलं होतं.

आता बाहेरची जाळी मी मोठ्या भोकांचीच निवडतो. तिने पिशव्या, दोऱ्या, लाकडाचे तुकडे अडवावेत. बारीकसारीक आत येऊ द्यावं आणि हात पोचेल तिथल्या टोपलीत धरावं. टोपली धुताना आधी बुडाचा कॉक बंद, आणि झाकण लावण्यापूर्वी रबरी रिंगवरून बोट फिरवायचं. रिंग वाळली असेल तर पंप पाण्याऐवजी हवा ओढतो. पावसाळ्याआधी बोट वर काढली की जाळीवर घट्ट बसलेल्या शिंपा खरवडायच्या, रंग पातळ मारायचा आणि एकेक भोक काडीने मोकळं करायचं.

जाळी काढण्याआधी मात्र तिच्यावर आणि बुडावर मिळून एक लाल रेघ ओढतो. हाताखालचा पोरगा विचारतो, "ही कशाला?"

"वरची बाजू कळावी म्हणून."

तो बुडाखाली वाकून बघतो. जाळीला पुढची बाजू असते, मागची असते. वरची कुठली, ते त्याला काही सापडत नाही.