एकवीस रात्रींची तयारी

मे महिना उजाडला की ताडपत्रीच्या व्यापाऱ्याला श्वास घ्यायलाही सवड नसते. बेलपाड्याच्या गावठाणाला लागून असलेल्या त्या दुकानात गेल्या मे महिन्यातही हीच गर्दी होती. कुणाला पत्र्याच्या शेडवर टाकायला कापड हवे, कुणाला गॅलरीला पडदा, कुणाला टेम्पोसाठी दोऱ्या आणि कड्या. एका बाजूला महामार्गाची घरघर, दुसऱ्या बाजूला मेट्रोचे खांब, आणि मध्ये गल्ल्यावर बसलेले अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आप्पा. हातकणंगले तालुक्यातून ते इथे आले तेव्हा सिडकोची वसाहत अजून कागदावरच अधिक होती. आता दुकान मुलगा पाहतो. आप्पा फक्त वही पाहतात.

अशा ऐन हंगामात घरात शिबिराचे पत्रक आले. कोल्हापूरकडच्या एका तीर्थक्षेत्री नऊ ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी एकवीस दिवसांचे निवासी संस्कार शिबिर. नातवाची चौथीची परीक्षा नुकतीच संपली होती. पत्रकात सोबत आणावयाच्या वस्तूंची यादी होती: ताट, वाटी, तांब्या, सतरंजी, दोन चादरी, पंचा, अभिषेकासाठी धोतर-दुपट्टा, जपमाळ, वही. मोबाइल चालणार नाही. सूर्यास्तानंतर अन्नपाणी नाही. घरी पत्र लिहिता येईल. नाव नोंदविण्याची मुदतही दिलेली होती.

आजीने लगेच होकार दिला. आईने पत्रक पुन्हा पुन्हा वाचले आणि काही न बोलता देवघराच्या फळीवर ठेवले. घरातील सर्वांना ठाऊक असलेली, आणि कोणीही मोठ्याने न उच्चारलेली एक गोष्ट त्या यादीत नव्हती. मुलगा दहा वर्षांचा झाला होता, तरी आठवड्यातून दोन-तीन वेळा त्याचे अंथरूण ओले होत असे.

अशी गोष्ट घरात कशी लपविली जाते, हे ज्यांच्या घरी घडले त्यांनाच कळेल. पहाटे आई उठे, चादर बादलीत जाई, गादीची बाजू बदलली जाई. गच्चीवर उन्हात टाकलेल्या गादीला शेजारीण काही विचारे, तेव्हा ‘ढेकूण झाले होते’ असे उत्तर तयार असे. जीवदयेच्या घरात ढेकूण उन्हात घातल्याचे सांगावे लागावे, हा त्यातला वेगळाच विनोद. मावशीच्या लग्नात मुलगा रात्रभर खुर्चीवर जागा बसून राहिला होता. ‘मला झोपच येत नाही,’ असे तो सर्वांना हसत सांगत होता.

शिबिराला त्याला जायचे होते. वर्गातील दोन मित्र जाणार होते, शिवाय डोंगर चढायचा होता. त्याने आईला एकच प्रश्न विचारला, “तिथे सगळे एकाच खोलीत झोपतात का गं?”

घरापासून दूर राहून शिकणे या समाजाला नवे नाही. करमाळ्यात १८९१ साली जन्मलेले देवचंद शहा, म्हणजे पुढे सर्वांना ज्ञात झालेले समंतभद्र महाराज, यांनी १९१८ साली कारंजा येथे महावीर ब्रह्मचर्याश्रम स्थापन केला आणि १९३४ साली कुंभोजजवळ बाहुबलीच्या डोंगरापाशी दुसरे गुरुकुल उभे केले. मुंबईत महावीर जैन विद्यालय १९१५ चे. त्याच कुंभोजात १८८७ साली जन्मलेल्या भाऊराव पाटलांनी साताऱ्यात वसतिगृह चालविले, आणि त्यातील मुलांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंनी आपले मंगळसूत्रही मोडले. कितीतरी घराण्यांतील पुरुषांचे बालपण अशा लांबच लांब दालनांत, ओळीने अंथरलेल्या सतरंज्यांवर गेले. संस्थांच्या इतिहासांत इमारती असतात, देणगीदार असतात, गुणवत्तेच्या याद्या असतात. पहिल्या रात्री तोंडावर पांघरूण घेऊन जागत पडलेल्या मुलाची नोंद सहसा नसते.

आईने नवऱ्याला सुचविले, “अहो, निदान डॉक्टरांना तरी विचारू.” तोपर्यंत विचारले नव्हते ते का, याचे उत्तर दोघांपाशी नव्हते. खारघरच्या बालरोगतज्ज्ञ बाईंनी मुलाला आधी बाहेर बसवून त्याच्याविषयी बोलणे टाळले. त्यालाच समोर बसवून त्याच्याशीच बोलल्या. लघवीची तपासणी करविली, शौचास साफ होते का ते विचारले, कारण बद्धकोष्ठ असेल तर भरलेले आतडे मूत्राशयावर दाब आणते. मग म्हणाल्या, “तुझ्यात दोष नाही आणि आळसही नाही. झोपेत मेंदूला निरोप पोहोचायला काही मुलांना उशीर लागतो, एवढेच.” पाच वर्षांच्या शंभर मुलांत सुमारे पंधरा जणांना आणि दहा वर्षांच्या शंभरांत सुमारे पाच जणांना हा त्रास असतो, हे त्यांनी सांगितले तेव्हा मुलाने मान वर केली. त्याच्या शाळेत चौथीच्या तुकड्या चार. त्याचा हिशेब तत्काळ झाला असावा.

त्यानंतर बाईंनी विचारले, “घरात आणखी कुणाला लहानपणी होते का? आई-वडिलांपैकी एकाला असेल तर मुलात येण्याचा संभव बराच वाढतो.” वडील चटकन म्हणाले, “नाही, आमच्याकडे कुणालाच नाही.”

बाईंनी घरचा एक समज मात्र मोडून काढला. आई चार वाजल्यापासून मुलाचे पाणी तोडत असे. उलट, सकाळपासून दुपारपर्यंत त्याला भरपूर पाणी द्यावे, दर दोन-तीन तासांनी लघवीला पाठवावे, म्हणजे मूत्राशयाला धरून ठेवण्याची सवय होते. संध्याकाळी मात्र थोडेच. झोपताना एकदा, आणि दिवे मालवण्यापूर्वी पुन्हा एकदा जाऊन यावे. चहा-कोला बंद. रागावणे पूर्ण बंद, कारण त्याने काहीही सुधारत नाही. अशा थोड्या मुदतीच्या मुक्कामासाठी एक गोळीही देता येते, पण ती झोपताना घ्यावी लागते आणि आधी घरी घेऊन पाहावी लागते. गोळीची गोष्ट घरी चर्चेत आली आणि रात्री काही घ्यायचे नाही या नियमाशी तिचा मेळ बसेना. गरज पडली तर पाहू, असे ठरले.

नियमाचा विचार मात्र याच निमित्ताने घरात नीट झाला. रात्रिभोजनत्याग म्हणजे सूर्य बुडताना तांब्याभर पाणी घटाघटा पिऊन घेणे, अशी मुलांची समजूत असते, आणि मोठ्यांचीही फारशी वेगळी नसते. खरा नियम सूर्यास्तापूर्वी दोन घडी, म्हणजे ४८ मिनिटे आधी, खाणेपिणे उरकण्याचा. मे महिन्यात तिकडे सूर्य सातच्या सुमारास मावळतो. म्हणजे सहाला सारे संपले पाहिजे. ज्या मुलाने दिवसभर पाणी रीतसर प्यायले आहे त्याला सहाला घटाघटा प्यावेच लागत नाही. आजीने गाळलेल्या पाण्याची बाटली सकाळी भरून त्याच्या दप्तराशी ठेवायला सुरुवात केली. गाळलेले पाणी दोन घडीच चालते, उकळलेले चोवीस तास, म्हणून ती उकळूनच भरी. जे डॉक्टरांनी सांगितले तेच धर्मात आहे, असे ती म्हणू लागली. तितके सरळ ते नाही. पण बाटली रिकामी होऊ लागली, हे खरे.

वडिलांनी व्यापाऱ्याच्या रीतीने एक जुनी रोजमेळ वही काढली. कोरडी रात्र ‘जमा’, ओली रात्र ‘नावे’. नोंद मुलानेच करायची, कोणी विचारायचे नाही. पहिल्या आठवड्यात तीन नावे पडल्या. दुसऱ्यात दोन.

मग रंगीत तालीम म्हणून त्याला तळोज्याला आत्याकडे पाठविले. बेलपाड्याच्या मेट्रो स्थानकावर वडिलांनी त्याला गाडीत बसविले आणि पलीकडे आत्याने उतरवून घेतले. एवढा प्रवास एकट्याने करण्याची ती पहिली वेळ. दोन रात्रींपैकी दुसरीच्या पहाटे चादर ओली झाली. आत्या काही बोलली नाही. तिने चादर धुतली, आणि ती पिळताना दुसरे टोक त्याच्या हाती दिले. “शिबिरात तुलाच पिळायची आहे. शिकून ठेव.” सगळ्या तयारीत ही गोष्ट सर्वांत उपयोगाची ठरली असे म्हणावे लागेल. चादर भिजणे त्याच्या हाती नव्हते. ती न बोलता उचलून, धुऊन, वाळत घालणे त्याच्या हाती आले.

मुदत संपायला दोन दिवस उरले. शिबिराच्या लोकांना सांगायचे की नाही, यावरून त्या रात्री नवरा-बायकोत पहिल्यांदाच आवाज चढले. वडिलांचे म्हणणे असे की समाज लहान आहे. इथले तिथे कळायला वेळ लागत नाही; आज मुलगा दहाचा आहे, उद्या विसाचा होईल, आणि लोक नको तेच लक्षात ठेवतात. त्यापेक्षा यंदा पाठवूच नये. आई म्हणत होती, “एका माणसाला सांगू. फक्त एका. त्याला तिथे एकटे टाकून आपण इथे काय लपवणार?”

आप्पा वही मिटून बसले होते. ते म्हणाले, “डॉक्टरीणबाईंनी विचारलं तेव्हा तू काय सांगितलंस?”

वडील गप्प राहिले.

“खोटी नोंद केलीस. मी गुरुकुलात होतो तेव्हा अकरा वर्षांचा होतो. पहाटे साडेतीनला उठून सतरंजी विहिरीवर न्यायचो. एक वरच्या वर्गातला मुलगा होता. तो रोज माझ्या आधी तिथे असायचा; पाणी ओढून ठेवायचा. दोन वर्षांत तो मला एक शब्द बोलला नाही आणि दुसऱ्या कुणालाही नाही.” मग थोडे थांबून म्हणाले, “आणि तुझंही आठ वर्षांपर्यंत होतं. तुझी आई गच्चीवर गादी टाकायची. तुला आठवत नसेल.”

आजी पदराशी चाळा करीत बसली होती. “आठवतंय त्याला,” ती म्हणाली.

दाराआड मुलगा उभा होता. मोठ्यांना हे नंतर कळले. त्याने आप्पांना दुसऱ्या दिवशी गल्ल्यावर गाठून विचारले, की विहिरीला पायऱ्या होत्या का रहाट होता. रहाट होता, असे आप्पांनी सांगितले. याहून अधिक त्या दोघांत काही बोलणे झाले नाही.

आईने शिबिरात लहान मुलांच्या दालनाची देखरेख करणाऱ्या शिक्षकांना फोन केला. तिने दोन वाक्ये पाठ करून ठेवली होती, पहिलेच अर्ध्यावर आले तेव्हा ते म्हणाले, “जय जिनेंद्र, ताई. दर वर्षी दोन-तीन तरी असतातच. त्याला दाराजवळची जागा देतो. रात्री अकराला मी फेरी मारतो तेव्हा उठवीन. एक मेणकापड आणि दोन चादरी जास्त द्या. ओल्या चादरी टाकायला दोरी मागच्या बाजूला आहे, तिकडे कुणी जात नाही.” फोन ठेवल्यावर आई बराच वेळ ओट्याशी उभी होती.

मेणकापड दुकानातच होते. बाळंतिणींसाठी, आजाऱ्यांसाठी वडिलांनी आजवर किती मीटर कापून दिले असेल त्याची गणती नाही. या वेळी त्यांनी ताजा गठ्ठा सोडला, सतरंजीचे माप घेतले, चार बोटे जास्त सोडून कापले, आणि कडा टोचू नयेत म्हणून मशीनवर दुमडून शिवून घेतल्या. गिऱ्हाईक खोळंबले होते. त्याला त्यांनी थांबायला सांगितले.

बाकीची तयारी त्यामानाने सोपी. धोतर नेसणे दोन दिवसांत जमले, जरी निऱ्या सुटत. चोवीस तीर्थंकरांची नावे त्याला येत होती. मल्लिनाथ आणि मुनिसुव्रतनाथ यांची जागा तो बदले. कांदा-बटाटा घरी चालत असे. पंधरा दिवस आधी तो बंद केला, म्हणजे तिथे ताटावर तोंड वाकडे होऊ नये. आईने प्रत्येक कपड्याच्या आतल्या बाजूस लाल दोऱ्याने त्याची आद्याक्षरे काढली. पत्र कसे लिहितात हे त्याला ठाऊक नव्हते. पोस्टकार्डावर पत्ता कुठे, मजकूर कुठे, हे आप्पांनी शिकविले; बेलपाडा, खारघर आणि खाली पिनकोड ४१०२१० हे त्याने पाच वेळा गिरवून काढले. रात्रीच्या बसऐवजी दिवसाची बस निवडली. कारण कोणी बोलून दाखविले नाही, आणि मुलानेही विचारले नाही.

निघताना वडील सोबत गेले. हंगामातला एक पूर्ण दिवस दुकान आप्पांनी चालविले. पनवेलच्या स्थानकावर बस सुटताना मुलाने खिडकीतून आईला हात केला आणि लगेच आत वळला. परतल्यावर वडिलांनी एवढेच सांगितले, की दाराजवळची जागा खरोखरच राखून ठेवली होती आणि मागच्या दोरीवर आधीच कुणाची तरी एक चादर होती.

पोस्टकार्ड शिबिराच्या तिसऱ्या आठवड्यात आले. लिहिले होते अकरा रात्री झाल्यावर. डोंगर चढलो. आमरस मिळाला. मल्लिनाथ एकोणिसावे, आता चुकत नाही. सकाळी साडेचारला घंटा होते. तळाशी, जागा उरली नाही म्हणून बारीक अक्षरांत: जमा ९, नावे २. शेजारच्या मुलाला एक चादर दिली आहे, रागावू नका.

त्या दिवशी दुपारी पहिली वळवाची सर आली. रस्त्यापलीकडून लोक डोक्यावर हात धरून दुकानाकडे धावत आले. आप्पांनी पोस्टकार्ड वहीत, त्या दिवसाच्या पानावर ठेवले आणि गल्ला उघडला.