तळवलीला कोणी येईल का?

कोकणात तळवली नावाची गावे एकाहून अधिक आहेत. त्यामुळे ‘मी तळवलीला राहतो’ असे म्हटले की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे माडापोफळींतले कौलारू घर उभे राहते आणि तो म्हणतो, “मजा आहे बुवा तुमची!” आमची तळवली ती नव्हे. आमची तळवली नव्या मुंबईतली, घणसोली आणि रबाळे ह्या दोन स्टेशनांच्या अधेमधे असलेली. पूर्वेला ठाणे-बेलापूर रस्ता, त्यापलीकडे कारखाने, त्यांच्यामागे पारसिकचा डोंगर, आणि पश्चिमेला खाडी. घणसोली ते तळवली असा एक उड्डाणपूलही आहे. मात्र त्याचा उपयोग बहुतेक मंडळी तळवलीला न थांबता पुढे जाण्यासाठीच करतात.

येथे सहज म्हणून कोणी येत नाही. येतो तो खोली भाड्याने मिळते का पाहायला, गॅसचे सिलिंडर द्यायला, नाहीतर कोणाच्या हळदीला. म्हणूनच गेले दहा महिने आम्ही उभयतां अशा एका पाहुण्याची वाट पाहत होतो, की ज्याचे तळवलीत काडीचेही काम नाही, ज्याचे नाव आम्हांला ठाऊक नाही आणि ज्याने आमच्या दारात पाऊलही टाकायचे नाही, असे सांगितले तर वाचक हसतील. खुशाल हसावे. आमचे शेजारीही हसले.

ह्या उद्योगाचे मूळ आमचा नातू. वय वर्षे अकरा, मुक्काम जर्मनीतील स्टुटगार्ट. दर रविवारी दुपारी त्याचा फोन येतो. फोनवर त्याचे-माझे बोलणे चार वाक्यांचे असे. ‘कसा आहेस?’ ‘बरा.’ ‘जेवलास का?’ ‘हो.’ पुढे तो गप्प, मीही गप्प, आणि आमच्या सौभाग्यवती मागून खुणा करीत आहेत की बोला, बोला! नातवाशी बोलायला विषय शोधावा लागतो, ही गोष्ट आमच्या आजोबांना कोणी सांगितली असती तर त्यांना ती पटली नसती.

तर गेल्या डिसेंबरात नाताळच्या सुटीत स्वारी येथे आली आणि तिसऱ्या दिवशी मला म्हणाली, “आजोबा, इथे एकही डबा नाही?” मी स्वयंपाकघराकडे बोट दाखविले. पण त्याला हवा होता तो डबा निराळा.

जिओकॅशिंग असे त्या खेळाचे नाव. कोणी एकाने एखादा डबा कोठेतरी लपवायचा, त्या जागेचे अक्षांश-रेखांश जाहीर करायचे, आणि दुसऱ्या कोणी आपल्या फोनवर ते आकडे घेऊन डबा हुडकून काढायचा. आत एक वही असते. तीत नाव आणि तारीख लिहायची आणि डबा होता तसा परत ठेवायचा. बक्षीस नाही, टाळ्या नाहीत. जर्मनीत असे डबे लाखांनी आहेत म्हणे. शाळेच्या वाटेवर, पुलाखाली, जंगलात. आपल्याकडे मात्र फारच थोडे.

खेळाचा जन्म अगदी अलीकडचा. आकाशात वीस हजार किलोमीटर उंचीवरून फिरणारे अमेरिकेचे उपग्रह पृथ्वीवरच्या माणसाला त्याचा ठावठिकाणा सांगतात, हे आता रिक्षावाल्यालाही माहीत आहे. पण २००० सालापर्यंत अमेरिकेचे सरकार सामान्य माणसाला मिळणाऱ्या संदेशात मुद्दाम चूक मिसळीत असे. शंभर मीटरचा घोळ असला की डबा सोडाच, घरसुद्धा सापडायचे नाही! ती चूक २००० सालच्या मे महिन्याच्या आरंभी काढून टाकण्यात आली, आणि लगेच ३ मे रोजी डेव्ह अल्मर नावाच्या गृहस्थाने ऑरेगन राज्यातील पोर्टलंड शहराजवळच्या रानात एक बादली ठेवून तिचे आकडे जगाला कळविले. तीन दिवसांतच माइक टीग नावाच्या माणसाने ती शोधून काढली. बादलीत वही-पेन्सिल होती, पुस्तके होती आणि घेवड्याच्या उसळीचा एक डबाही होता.

तसे पाहिले तर कल्पना जुनीच. इंग्लंडात डार्टमूर नावाचे ओसाड माळरान आहे. तेथल्या जेम्स पेरट नावाच्या वाटाड्याने १८५४ साली क्रॅन्मिअर पूल ह्या आडजागी एक बाटली ठेवली. जो तेथवर चालत जाईल त्याने आपले भेटीचे कार्ड तीत टाकून यायचे. ‘मी येथे आलो होतो’ हे सांगण्याची माणसाची हौस काही नवी नाही. आपल्याकडे ती किल्ल्यांच्या भिंतींवर कोळशाने भागवतात. त्यापेक्षा ही वही कितीतरी बरी.

डबा ठेवायचा तर जागा हवी, आणि जागा शोधता शोधता मी तळवली पाहिली. तीस वर्षे राहूनही पाहिली नव्हती असे नाही, पण परक्याला काय दाखवावे ह्या नजरेने पाहिली नव्हती. स्टेशनाजवळ डबा नको, हे मी प्रथमच सांगून टाकले. ११ जुलै २००६ चे लोकलमधले स्फोट ज्यांनी अनुभवले त्यांना बेवारस डब्याची थट्टा सुचत नाही. देवळाचा पार नको, शाळेची भिंत नको. सरकारी जागा नको. जमिनीत पुरायचा नाही, हा तर खेळाचाच नियम. शिवाय जागेच्या मालकाची परवानगी पाहिजे.

अखेर आमचे घरमालकच धावून आले. त्यांना सगळे भाऊ म्हणतात. वयाने सत्तरीपुढचे, जातीने आगरी, आणि आमची तीन मजली इमारत आज उभी आहे तेथे लहानपणी त्यांनी भात लावलेला. खाडीच्या भरतीला मातीचे बांध घालून अडवायचे आणि आतल्या खाऱ्या जमिनीत भात पिकवायचे, ही ह्या पट्ट्यातल्या गावांची पिढ्यान्‌पिढ्यांची विद्या. १९७० साली सिडको स्थापन झाली, नव्या शहरासाठी पंच्याण्णव गावांच्या जमिनी घेण्याचे ठरले आणि बांधांचे काम संपले. इमारतीच्या मागे मात्र एक दहा-बारा हातांचा तुकडा अजून टिकून आहे. दगडमातीचा उंचवटा आणि त्यावर एक भेंडीचे झाड. ही भाजीची भेंडी नव्हे. खाडीकाठी वाढते ती, पिवळ्या फुलांची. हा बांधाचा तुकडा आहे हे मला इतक्या वर्षांत कळले नव्हते, कारण मी कधी विचारले नव्हते आणि भाऊंनी आपण होऊन सांगितले नव्हते. नातवाने मोडक्या मराठीत विचारले, “हे काय आहे?” आणि भाऊ त्याच्याजवळ बसून दीड तास बोलले.

डबा तेथेच ठेवायचे ठरले. घट्ट झाकणाची पारदर्शक बरणी आणली, कोणी पाहिली तर आत काय आहे ते दिसावे म्हणून. तिच्यावर मराठी, हिंदी आणि इंग्रजीत चिठ्ठी लावली: ‘हा खेळाचा डबा आहे. आत वही आहे. पाहून जागच्या जागी ठेवावा.’ खाली माझा फोन नंबर. आत वही, पेन्सिल आणि काही किरकोळ वस्तू, कारण शोधणाऱ्याने हवे तर एक वस्तू घ्यावी आणि त्या बदल्यात दुसरी ठेवावी असाही प्रघात आहे. हे ऐकून सौ. म्हणाल्या, “यात नवीन काय? शेजारणीचा डबा रिकामा परत देऊ नये, हे आम्हांला आईनं शिकवलंय.” आणि बेसनाचे दोन लाडू घेऊन आल्या. खाद्यपदार्थ चालत नाहीत, उंदीर-मुंग्या येतात, असे नातवाने समजाविले. “मग त्या अमेरिकेच्या बादलीत उसळ कशी चालली?” ह्या प्रश्नाला त्याच्यापाशी उत्तर नव्हते. लाडू आम्ही तिघांनी खाल्ले, आणि बरणीत एक काचेची गोटी, एक पणती आणि एक जर्मन नाणे गेले.

मग आकडे घेतले. अंश, मिनिटे आणि मिनिटाचे हजारावे भाग. मिनिटाचा हजारावा भाग म्हणजे जमिनीवर जेमतेम सहा फूट, एक पुरुषभर अंतर. पूर्व रेखांश ७३ ची रेघ आमच्या घणसोलीच्या अंगावरूनच जाते हे मला त्या दिवशी समजले. खेळाचे स्वयंसेवक नियम तपासून डब्याला मान्यता देतात. मालक सातासमुद्रांपलीकडे राहत असेल तर डब्याची देखभाल करणारा माणूस जवळ हवा, असे त्यांचे म्हणणे. तो मानाचा हुद्दा मला मिळाला. जानेवारीत मान्यता आली, आणि आमचे वाट पाहणे सुरू झाले.

जर्मनीत नवा डबा जाहीर झाला की पहिला मान मिळवायला लोक रात्री बॅटरी घेऊन धावतात, काही तासांत वहीवर नाव पडते. नातू म्हणाला, “आजोबा, आज नीट लक्ष ठेवा.” मी खिडकीत खुर्ची टाकली. त्या दिवशी बांधाजवळ आल्या त्या दोन शेळ्या. दुसऱ्या दिवशी त्याही आल्या नाहीत.

पण रविवारचा फोन बदलला! ‘आलं का कोणी?’ ह्या प्रश्नाने तो सुरू होई आणि अर्धा अर्धा तास चाले. काल एक माणूस फोनकडे पाहत उभा होता. मग? मग त्याची रिक्षा आली. एक बाई झाडाखाली वाकली. मग? फुले वेचून गेली. गल्लीतल्या मुलांनी मधेच गुप्तधनाची आवई उठविली आणि दोन दिवस बांधावर जत्रा भरली. बरणीत वही-पेन्सिल पाहून ती मंडळी निराश होऊन परतली. हे सगळे मी रंगवून सांगे, आणि तो मराठीत प्रश्न विचारी. शब्द अडला की थांबे, शोधी, पुढे जाई.

फेब्रुवारी गेला, होळी झाली. एप्रिलमधल्या एका रविवारी त्याने विचारलेच नाही. मला वाटले, विसरला असेल. पुढच्या रविवारीही विचारले नाही. ‘कसा आहेस?’ ‘बरा.’ ‘जेवलास का?’ ‘हो.’

ही हकीगत भाऊंच्या कानावर गेली तेव्हा त्यांनी सरळ उपाय सुचविला. “साहेब, माझ्या नातवाला सांगतो, लिव्हल नाव. पोराला बरा वाटल.” खरे सांगतो, मोह पडला. एका ओळीचा तर प्रश्न होता! ठाण्याचा कोणी कुलकर्णी, एक तारीख, की जर्मनीत एक मुलगा आनंदाने उड्या मारील. पण तो मुलगा पुढे विचारणार: कसा होता तो? कुठून आला? काय म्हणाला? आणि दर रविवारी त्या न जन्मलेल्या कुलकर्ण्याचा संसार मी कोठवर वाढवीत बसणार? भाऊंना मी नको म्हटले. त्यांनी मान डोलावली, पण ती समजुतीची होती की माझ्या अक्कलेविषयीच्या काळजीची, हे सांगता येत नाही.

पाऊस लागला. जूनमध्ये मी बरणी दोनदा उघडून पाहिली. आत पाणी नव्हते, पण वहीला दमट वास येत होता. तिला प्लॅस्टिकची पिशवी घातली. जुलैत झाडाची एक फांदी मोडली. गणपती आले, गेले. मी खिडकीतली खुर्ची हलविली नाही, एवढेच.

ऑक्टोबरातल्या एका रविवारी सकाळी एक गृहस्थ आणि एक दहा-अकरा वर्षांची मुलगी गल्लीत शिरली. मुलीच्या हातात फोन होता आणि ती फोनकडे पाहत पावले मोजीत होती. आकडा नेतो तो पाच-दहा पावलांच्या आत. पुढचे काम डोळ्यांचे. डबा ठेवणाऱ्याने वाटेल तितके पाहावे, पण जागा सांगू नये. मी वर्तमानपत्र तोंडासमोर धरले. ते उलटे आहे असे सौ.नी मला मागाहून सांगितले. मुलगी झाडाभोवती फिरली, भिंतीपाशी गेली, परत आली. वडील म्हणाले, “राहू दे, निघू या.” माझ्या घशाला कोरड पडली. इतक्यात खाली ओट्यावर भाऊंना खोकला सुरू झाला. मुलगी बांधाच्या दगडांकडे वळली की मोठा खोकला, दूर गेली की बंद! इतका समंजस खोकला मी उभ्या जन्मात ऐकला नाही.

तिने दगड बाजूला केला.

मग मात्र मी खाली उतरलो. डोंबिवलीहून आले होते, ठाण्याला गाडी बदलून, केवळ ह्यासाठी. सौ.नी त्यांना वर बोलावले आणि ह्या वेळी लाडू नियमाच्या आड आले नाहीत. मुलीने गोटी घेतली आणि आपल्या कथ्थकच्या चाळातले एक सुटे घुंगरू बरणीत ठेवले. वहीवर तारीख आणि नाव लिहिले, आणि खाली दोन ओळी: ‘सापडला. मुंग्या चावल्या.’

दुपारी फोन आला. मी काही न बोलता वहीचे पान कॅमेऱ्यासमोर धरले. त्याला देवनागरी वाचायला वेळ लागतो. ‘सा-प-ड-ला’ पर्यंत आला आणि ओरडला. पुढे ‘मुंग्या’ ह्या शब्दाशी बराच झगडला. मग प्रश्नांची झड लागली: किती वेळ लागला, दगड कोणत्या बाजूने उचलला, घुंगरू केवढे आहे, वाजवून दाखवा, आणि झाकण नीट लावले ना? नीट लावले होते. तरी पुन्हा पाहून या, असा हुकूम झाला, तेव्हा संध्याकाळी मी बॅटरी घेऊन बांधाकडे गेलो. भाऊ तेथे आधीच दगड सारखा करीत बसले होते.

“साहेब,” ते म्हणाले, “आता दुसरा कंधी येल?”